नर्सिंगचं पहिलं वर्ष: रक्त बघून चक्कर येईल का, असं विचारणाऱ्या पोरीसाठी

प्रश्न विचारणारी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातली आहे. बारावी सायन्स, सेमी इंग्लिश. बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागलाय, पुढच्या महिन्यात होस्टेलला जायचंय. विचारलंय असं की पहिल्या वर्षात नेमकं काय असतं, रक्त बघून माझं डोकं गरगरतं तर मी टिकेन का, इंग्रजी झेपेल का, आणि भाऊ चिडवतो की "चालली आमची ताई बेडपॅन उचलायला", त्याला काय सांगू.

मी बावीस वर्षं या लाईनीत आहे, आधी वॉर्डात आणि आता बरीच वर्षं क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रॅक्टिकलला, पोरी सांभाळते, धुळे-जळगाव-नंदुरबार तिन्हीकडे काम झालंय. तेव्हा जरा लांबच लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

आधी रक्ताचं, कारण सगळ्याच पोरी तेच विचारतात. दर बॅचला दोन-तीन पोरी पहिल्या आठवड्यात वॉर्डात कोसळतात. आता गंमत सांगते, मी प्रत्येकीला उठवल्यावर पहिलं विचारते की सकाळी काय खाल्लं, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच, "चहा". सातला बस, साडेसातला ड्यूटी, मेसचा नाश्ता आठला, मग पोरगी अर्धा कप चहावर दोन तास ड्रेसिंगच्या ट्रॉलीजवळ ताठ उभी, वर आपल्याकडचा उन्हाळा, पंखा असून नसल्यासारखा. चक्कर येणार नाही तर काय होणार. रात्रीची भाकरी-चटणी ठेव डब्यात पण खाऊन निघ. उभं राहताना गुडघे एकदम लॉक करू नको, पायाची बोटं हलवत राहा. आणि डोळ्यासमोर अंधारी यायला लागली, कानात वाजायला लागलं की लाजू नको, सरळ "सिस्टर मला चक्कर येतेय" म्हण आणि तिथंच खाली बस. जमिनीवर बसलेल्या पोरीला लागत नाही, उभ्याने पडणारीचं डोकं कॉटच्या लोखंडावर आपटतं. दोन-तीन महिन्यांत ही भीती जाते, रक्ताची सवय लवकर होते. पू, संडास आणि उलटीचा वास याची सवय व्हायला जास्त वेळ लागतो, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतेय.

बरं, आता पहिल्या सेमिस्टरला काय. तुझा कोर्स चार वर्षांचा, आठ सेमिस्टर, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. सुरुवातीला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशन. पास व्हायला इंग्लिश सोडून बाकी विषयांना ५० टक्के लागतात, ३५ वर निघायची सवय असेल तर ती आत्ताच सोड. हजेरी थिअरीला ८० टक्के आणि प्रॅक्टिकल मात्र डिग्री मिळायच्या आत १०० टक्के भरावं लागतं, म्हणजे लग्नाला गेलीस, आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरवाशिणींसोबत झोके घ्यायला दोन दिवस जास्त थांबलीस, तर ते तास नंतर सुट्टीत भरून द्यायचे. आठवड्याला ४० तास धरून चाल. कॉलेजातल्या बाकीच्या मैत्रिणी लेक्चर बुडवून पिक्चरला जातील तेव्हा तू पेशंटच्या पाठीला पावडर लावत असशील, हे पहिल्याच महिन्यात टोचतं.

इंग्रजीचं सांगते. मी स्वतः मराठी मीडियमची, ॲनाटॉमीचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं आणि तासाभरात एक पान झालं, रडायलाच आलं. नंतर कळलं की हे इंग्रजी बोलायच्या इंग्रजीसारखं नसतं, तुकड्यांचं असतं. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, आयटिस लागलं की सूज, एक्टॉमी लागलं की कापून काढलं, नेफ्रो किडनीचं, हिपॅटो लिव्हरचं. असे साठ-सत्तर तुकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून काढ, अर्धं पुस्तक आपोआप उघडतं. बाकी वॉर्डातली भाषा वेगळीच, बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे लागलं तर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता, एनबीएम म्हणजे तोंडाने काही नाही.

एनबीएमवरून आठवलं. एका आजीचं सकाळी ऑपरेशन, आमच्या फर्स्ट इयरच्या पोरीने रात्री बजावून सांगितलं, "आजी, सकाळी भाकर खायची नाही, चहा प्यायचा नाही." सकाळी ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, न्यायच्या वेळी विचारलं तर आजीने ताटलीभर खिचडी खाल्लेली. वर म्हणते कशी, "तुम्ही भाकरनं नाव लिधं, खिचडीनं कोठे लिधं?" ऑपरेशन पुढे ढकललं. त्यात आजीची काही चूक नव्हती. सांगणं म्हणजे समोरच्याला कळेल असं सांगणं, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही, पोट रिकामं पाहिजे, नाहीतर भूल दिल्यावर उलटी फुप्फुसात जाईल" असं. अहिराणी येते ना तुला? मग तुझ्याकडे असं काही आहे जे पुण्या-मुंबईच्या पोरीकडे नाही. "आजी, कोठे दुखस?" म्हटलं की जी बाई डॉक्टरपुढे तोंड उघडत नव्हती ती सगळं सांगते, सुनेचं भांडण धरून. वॉर्डात अहिराणी बोलायला लाजू नको.

आता भावाच्या बेडपॅनवर येऊ. हो, उचलायचा आहे. पहिलं वर्ष बरंचसं तेच आहे, बेड करणं, चादरीचा कोपरा नीट घालणं, मॅकिन्टॉश म्हणजे रबरी चादर आणि तिच्यावरची आडवी ड्रॉ शीट घालणं, स्पंज बाथ, तोंड साफ करणं, पाठ चोळणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नखं कापणं. इंजेक्शन द्यायला मिळेल म्हणून आलेल्या पोरी महिनाभरात म्हणतात, मॅडम आम्ही हेच करायला आलो का. मी त्यांना बेडपॅन घेऊन बाहेर पाठवते आणि परत आल्यावर विचारते, काय दिसलं? "संडास होती मॅडम." कसली होती? डांबरासारखी काळी, चिकट? मग वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्त वाहतंय की काय ते बघायला लागेल. तांदळाच्या पेजेसारखी पातळ? मग सलाइन, पाणी किती गेलं, डोळे खोल गेले का. पांढुरकी मातीसारखी? पित्त उतरत नाहीये. लघवी किती झाली? मोठ्या माणसाला तासाला ३० मिलीच्या खाली जायला लागली तर डॉक्टरला सांगायचं, वाट बघायची नाही. राउंडला येणारे डॉक्टर बेडपॅन बघत नाहीत, ते तुला विचारतात आणि तुझ्या उत्तरावर औषध बदलतं. पाठ चोळताना लाल झालेली जागा पहिल्यांदा तुला दिसते, दोन दिवस नाही दिसली तर तिथे भोक पडतं आणि मग महिनोन्‌महिने ड्रेसिंग. भावाला एवढं सांग, नाही पटलं तर सोडून दे, त्याच्या घरातलं कोणी आजारी पडलं की कळेल.

यापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच आहे आणि ती मी स्वतः चुकून शिकले म्हणून लिहिते.

फर्स्ट इयरला माझ्याकडे आठ पेशंटचे टीपीआर होते, म्हणजे टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. त्या काळी पाऱ्याचे थर्मामीटर, वॉर्डाला दोनच, त्यातला एक आदल्या दिवशी फुटलेला. घाई होती, नाश्त्याला उशीर होत होता, मी शेवटच्या तिघांचं न मोजताच लिहून टाकलं, टेंपरेचर ९८.६, पल्स ७८, रेस्पिरेशन २०. सुंदर अक्षरात. इन्चार्ज सिस्टर आल्या, चार्ट बघितला, काही बोलल्या नाहीत, त्यातल्या एका बाईच्या कपाळावर माझाच हात धरून ठेवला. कपाळ भाजत होतं. १०३ निघाला ताप. बाळंतीण होती ती, तिसऱ्या दिवसाची, आणि बाळंतिणीला ताप म्हणजे काय ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. सिस्टर सगळ्यांसमोर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांनी फक्त विचारलं, "हिला ॲंटिबायोटिक सहा तास उशिरा मिळालं असतं तर कोणाच्या अक्षरामुळे?" बाई बरी होऊन घरी गेली. माझं मात्र त्या दिवसापासून न मोजता लिहिणं बंद झालं.

आणि हे फक्त माझं नाही गं. कुठल्याही हॉस्पिटलची फाईल उघड, रेस्पिरेशनच्या खान्यात बघ, सगळे २०. म्हातारा २०, पोरगा २०, दमेकरी २०. कोणी मोजतच नाही, कारण पूर्ण एक मिनिट उभं राहायला लागतं आणि बीपीच्या मशीनवर त्याचा आकडा येत नाही. मोठ्या माणसाचा नॉर्मल १२ ते २०, म्हणून सगळ्यांनी २० धरून ठेवलंय. पण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपीच्या आधी श्वास बदलतो. दोनेक वर्षांपूर्वी एका पोरीने नऊ महिन्यांच्या बाळाचा श्वास पूर्ण मिनिट मोजला, ५८ आला, तिला वाटलं आपलंच चुकलं, परत मोजला, ५६. मला येऊन सांगायला घाबरत होती. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला ५० किंवा वर म्हणजे जलद श्वास, दोन महिन्यांच्या आतल्याला ६०, एक ते पाच वर्षांच्याला ४०. छातीच्या खालच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, न्यूमोनिया होता, ऑक्सिजनवर घेतलं. आदल्या ड्यूटीच्या चार्टवर २४ लिहिलेलं होतं.

तर पहिल्या वर्षात खरी परीक्षा ही आहे. रक्त नाही, इंग्रजी नाही. "मी मोजलं नाही", "मला आलं नाही", "माझ्याकडून चुकलं" हे तोंडातून काढणं. सिनिअर हसतील, एखादी मॅडम सगळ्यांपुढे पाणउतारा करेल, मी अशा मॅडमही बघितल्यात ज्यांच्या भीतीने पोरी चूक लपवतात आणि मग पेशंटला भोगावं लागतं. तरी सांगायचं. चार्टवर खान्यात रिकामं दिसलं तर कोणीतरी विचारेल, खोटा आकडा दिसला तर कोणी विचारणार नाही.

याच्याच जवळचं म्हणजे गणित. आर्ट्सच्या पोरी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, येतात तेव्हा त्यांनाही हेच सांगते, औषधाचं गणित पाचवी-सहावीचं आहे पण घाईत चुकतं. ५०० मिली सलाइन आठ तासात द्यायचं, सेट २० थेंबाला एक मिलीचा, तर मिनिटाला किती थेंब? १०,००० भागिले ४८०, म्हणजे साधारण २१. नातेवाईक येऊन नळीवरचं चाक फिरवून ठेवतो, "लवकर संपू दे ना सिस्टर, घरी जायचंय", म्हणून येता-जाता थेंबावर नजर ठेवायची. इन्सुलिनचं तर जास्तच जप. आपल्याकडे ४० ची बाटली असते (एका मिलीत ४० युनिट) आणि १०० चीही असते, सिरिंजही दोन, लाल टोपण ४० ची आणि केशरी १०० ची. बाटली एक आणि सिरिंज दुसरी घेतली तर डोस अडीचपट होतो नाहीतर अर्ध्याहून कमी. दोघींनी बघून द्यायचं. इन्चार्ज म्हणाल्या "दे पटकन" तरी बाटली बघूनच.

स्वतःला जपायचं पण ऐक. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने, वॉर्डात उतरायच्या आधी निदान सुरू तरी कर, कॉलेज करत नसेल तर स्वतः जाऊन घे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, कधीच नाही, बहुतेक सुया तिथेच टोचतात. सुई पांढऱ्या डब्यात, सलाइनचे सेट-नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस-पट्टी पिवळ्यात, काचेची बाटली निळ्यात. टोचलीच तर दाबून रक्त काढायला जाऊ नको, साबण-पाण्याने धू आणि तडक इन्चार्जना सांग, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. मागे एका पोरीने दोन दिवस लपवलं, का तर मॅडम रागावतील. बघ म्हणजे परत तेच.

होस्टेलबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडचं सारखंच, पाणी सकाळी, वायफाय नावाला, मेसच्या डाळीत डाळ शोधायची. घरून कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ न्या आणि मेसवाल्या मावशीशी गोड बोला, एवढाच माझा अनुभवी सल्ला. पोरगे पण असतात आता नर्सिंगला, त्यांना पेशंट ब्रदर म्हणतात, काही आज्या त्यांनाही सिस्टरच म्हणतात, त्याने काही बिघडत नाही.

पहिला मृत्यू मात्र सांगायला हवा. तो कधी येईल सांगता येत नाही, बहुतेक पहिल्याच वर्षी येतो. ज्या आजोबांना सकाळी तू तोंड धुवायला पाणी दिलं त्यांचं बेड दुपारी पडदे लावलेलं. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, लेबल लावायचं, आणि हे सगळं करताना माणूस ऐकतोय अशा आवाजात बोलायचं, मी पोरींना तसंच शिकवते. नातेवाईकांचा हंबरडा ऐकून तुला रडू आलं तर रड, स्टोअर रूम त्यासाठीच असते असं आम्ही गमतीने म्हणतो. फक्त रडून झाल्यावर शेजारच्या बेडचं दुपारचं इंजेक्शन चुकू देऊ नको. रात्री होस्टेलला एकटी झोपू नको त्या दिवशी, मैत्रिणीच्या खोलीत जा.

तिसऱ्या वर्षापासून कम्युनिटीचं पोस्टिंग लागेल, त्यात कोणाकोणाला सातपुड्याकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला जायला मिळतं. तिथे अहिराणी पण उपयोगाची नाही, पावरी नाहीतर भिलोरी लागते, आशाताईला धरून ठेवायचं. सिकलसेल तिथे बघशील, पुस्तकात दोन पानं असतात आणि तिथे घरोघरी. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं हातपाय धरून ओरडतं, डोळे पिवळसर, बाहेरून काही लागलेलं दिसत नाही, मग लोक म्हणतात नाटक करतंय. मी पण एकदा मनात म्हटलं होतं. लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, ती कळ बाळंतपणासारखी असते म्हणतात पेशंट. पाणी, ऊब, वेळेवर पेनकिलर, आणि विश्वास ठेवणं की दुखतंय.

ॲडमिशन पक्कं करायच्या आधी एक काम वडिलांकडून करून घे. कॉलेजला भारतीय नर्सिंग परिषदेची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता यावर्षीची आहे का ते कागद दाखवा म्हणून मागायचं. तुझं सीईटी-कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून, झालंय म्हणजे बहुधा ठीकच, पण तुझ्या मैत्रिणींना सांग, बसस्टँडजवळ पाटी लावून "एक वर्षात नर्स बना" म्हणणारे पुष्कळ बसलेत, त्या सर्टिफिकेटवर कौन्सिलची नोंदणी होत नाही आणि नोंदणी नाही तर सरकारी भरतीचा फॉर्मच भरता येत नाही. माझ्या नात्यातली एक पोरगी असे पैसे घालवून बसलीय. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेव, महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायच्या वेळी तहसीलला रांग लागते. ओरिजिनल कागद देताना पोच घे, झेरॉक्सचे चार सेट घरी ठेव.

सामानात पांढरे बूट एक नंबर मोठे घे, संध्याकाळी पाय सुजतात. केसांना जाळी, बारीक कात्री, खिशात मावेल अशी डायरी, दोन पेनं निळी-काळी आणि एक लाल. घड्याळ मात्र सेकंदकाट्याचं, साधं दोनशे-तीनशेचं चालेल, स्मार्टवॉच नको. आणि अजून महिना आहे ना हातात, तर घरी आजी झोपली की शेजारी बसून तिचा श्वास पूर्ण एक मिनिट मोज. जागी असेल तर नाडी बघतेय असं दाखवून मनगट धर आणि नजर पोटाकडे ठेव, मोजतेय म्हणून सांगू नको, सांगितलं की श्वास बदलतो.